नको तिथली गाठ

आमच्या घरात प्लेगची गोष्ट नेहमी आजोबांच्या जन्मापासून सुरू व्हायची. आजोबा १८९७च्या मार्गशीर्षातले. घरातली म्हातारी माणसं त्यांना 'प्लेगातलं पोर' म्हणत आणि गालातल्या गालात हसत. साथ चालू असताना जन्मले म्हणून तसं म्हणत असतील, असं आम्हा मुलांना वाटायचं. हिशेब मी कॉलेजात गेल्यावर केला. मार्गशीर्षातून नऊ महिने मागं गेलं की फाल्गुन येतो. म्हणजे १८९७चा मार्च. प्लेगच्या बंदोबस्तावर नेमलेल्या रँडच्या गोऱ्या शिपायांनी पुण्यातली घरं धुंडाळायला सुरुवात केली, तो महिना.

मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला तो १८९६च्या सप्टेंबरात. पुण्यात साथ पसरली आणि कसब्यातल्या आमच्या वाड्यातही उंदीर पडले. उंदीर पडला की घर सोडायचं, एवढं तोवर शेंबड्या पोरालाही कळलं होतं. पणजोबांची आई देव आणि लहान मुलं घेऊन गावाकडे गेली. थोरले पणजोबा आणि त्यांची बायको वाडा राखायला मागं राहिले. धाकटे, म्हणजे आमचे पणजोबा, सोळा-सतरा वर्षांच्या पणजीला घेऊन लकडी पुलापलीकडे एरंडवण्याच्या बाजूला झोपडी बांधून राहिले. कुडाच्या भिंती, वर कडबा आणि दाराला गोणपाट.

हे सगळं मला आजीनं सांगितलं आणि तिला तिच्या सासूनं, म्हणजे या पणजीनं. वाड्यात नवराबायकोनं दिवसाउजेडी एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. पुरुष माडीवर किंवा ओसरीवर, बायका माजघरात. रात्रीची गाठभेट थोरल्यांच्या मर्जीनं. झोपडीत मात्र ही दोघंच. शेजारच्या झोपडीतून रात्री रडणं ऐकू यायचं, सकाळी कुणीतरी ओंकारेश्वराच्या स्मशानाकडे गेलेलं असायचं. आणि तरी आजी सांगायची, "सासूबाई म्हणायच्या, तिथं मरणाची भीती होती बाई, पण सासूची नव्हती." हे सांगताना आजीचे डोळे बारीक व्हायचे. तेवढ्या एका वाक्यात पणजीनं जे सांगायचं ते सांगितलं होतं.

मरण दाराशी आलं की माणूस देवाला जवळ करतो, असं आपण धरून चालतो. दुसऱ्या माणसाला जवळ करतो, हे कुणी लिहून ठेवत नाही. आसपास माणसं मरत असताना ती दोघं एकमेकांना बिलगली, यात निर्लज्जपणा काय होता? उद्याचा भरवसा नसलेल्या शरीरानं आज आपण जिवंत आहोत याची खात्री करून घेतली, असं मी म्हणेन. पण हीही निम्मीच गोष्ट. उरलेली निम्मी वाड्यात घडत होती.

थोरल्या पणजीला गाठ आली. आजी सांगताना कधी 'जांघेत' म्हणाली नाही. "नको तिथं गाठ आली," एवढंच. प्लेगची गाठ काखेत येते, मानेला येते, पण बहुतेक वेळा जांघेतच येते, कारण उंदरावरची पिसू माणसाच्या पायाला चावते आणि विष तिथल्या जवळच्या गाठीत साठतं. हे पिसवांचं प्रकरण पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत सिद्ध केलं ते १८९८मध्ये. तोवर लोकांना एवढंच ठाऊक होतं की शिपाई येतात, घरातल्यांना बाहेर काढतात आणि काखा-जांघा चाचपतात. कुणी संशयित सापडला तर संगमावरच्या प्लेगच्या इस्पितळात, घरचे स्वारगेटच्या छावणीत, आणि घरातलं सामान रस्त्यात होळीला. कपडे उतरवून उघड्यावर तपासल्याच्या तक्रारींनी त्या वेळची वर्तमानपत्रं भरलेली आहेत.

त्या बाईनं गाठ लपवली. शिपायांपासून लपवली हे कुणालाही समजेल. तिनं ती नवऱ्यापासूनही लपवली. अंगात ताप असताना ती स्वयंपाक करत राहिली, आणि रात्री भिंतीकडे तोंड करून झोपली. थोरल्या पणजोबांना वाटलं, रुसली आहे. वाड्यात मागं ठेवल्याचा राग धरला आहे. तेही मग फुरंगटून बाहेर ओसरीवर झोपले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती बोलेनाशी झाली, तेव्हा शेजारच्या म्हातारीनं लुगडं बाजूला केलं.

घरच्या गोष्टीत ही बाई 'हट्टी' म्हणून शिल्लक राहिली. "सांगितलं असतं तर काही केलं असतं," असं पुढच्या तीन पिढ्या म्हणत आल्या. काय केलं असतं? हाफकिनची लस १८९७च्या जानेवारीत नुकती मुंबईत तयार झाली होती, त्यानं ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. पण लस रोग व्हायच्या आधी घ्यायची, आणि झालेल्या रोगावर औषध नव्हतंच. खरं तर ती बाई वेगळ्याच हिशेबात होती. मरणं आणि उघडं पडणं या दोहोंतलं तिनं एक निवडलं. सोळाव्या वर्षापासून जी जागा नवऱ्यालाही अंधारातच ठाऊक, ती सोजिराला दाखवायची?

थोरल्या पणजोबांनी पुन्हा लग्न केलं नाही. वय तिशीच्या आतलं. मुली सांगून येत होत्या, बिजवराला तेव्हा कसली अडचण? पण ते कुणाला शिवायचे नाहीत. आंघोळी वाढल्या. दिवसातून अनेकदा नदीवर जायचे, आणलेलं पाणी ओतून पुन्हा भरायचे, उंबऱ्यापाशी थांबून पाय पुन्हापुन्हा धुवायचे. लोक म्हणत, "केवढं सोवळं!" वाड्यात त्यांच्या पाया पडायला माणसं येत. आज कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ दहा मिनिटांत ओळखेल, असा तो आजार होता. पण आपल्याकडे दुःखाला धर्माचं वस्त्र नेसवलं की ते आजारपण राहत नाही. तसं नसतं झालं तर दुसरं नाव ठाणं होतं. ठाण्याचं वेड्यांचं इस्पितळ १९०१पासूनचं. 'ठाण्याला न्यायला झालाय' हे घरोघर म्हटलं जायचं. सोवळ्यानं त्यांना त्यापासून वाचवलं, असंही म्हणता येईल. आजीनं त्यांना म्हातारपणी पाहिलं होतं. हाताची कातडी सोलवटलेली. ते एकदाच तिला म्हणाले होते, "मी ओसरीवर झोपायला नको होतं."

इतिहासाच्या पुस्तकात प्लेगच्या त्या दिवसांचं काय उरलं आहे? २२ जून १८९७ची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, चापेकर बंधू, रँड आणि आयर्स्ट. टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला. हे सगळं उरावंच. पण त्याच प्रकरणातला एक धागा मला जास्त सतावतो. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारानं त्यांनी तिथं सांगितलं की शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केले, आणि एकीनं त्यानंतर जीव दिला. ते मुंबईत उतरले, पुरावा मागितला गेला, आणि पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कुणी पुढे येईना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. त्यावरून त्यांना पुढं कितीतरी वर्षं बोल लावले गेले.

पुरावा कोण देणार होतं? ज्या घरात ते झालं असेल, त्या घरानं दारं लावून घेतली असणार. सरकारला पुढारी खोटा पडल्याचं समाधान, पुढाऱ्यांना इभ्रतीची चिंता, आणि ती बाई, असलीच तर, दोन्हीकडच्या कागदांतून नाहीशी. पंडिता रमाबाईंनी मात्र 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहून पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांच्या वाट्याला काय येतं ते सरळ मांडलं. मराठी पुरुषांच्या सभांमध्ये 'आमच्या स्त्रियांची अब्रू' हा शब्द गरगर फिरत होता. स्त्रियांना आत काय होतंय हे विचारणारी ही एक, आणि तिला तर आपल्या समाजानं आधीच बाहेर काढलेलं.

सावित्रीबाई फुले त्याच वर्षी १० मार्चला गेल्या. मुलगा डॉ. यशवंत हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना चालवत होता, तिथं रोगी आणताआणता त्यांना लागण झाली. ज्या काळात आमच्यासारख्या घरांतली माणसं सख्ख्याच्या गाठीला हात लावत नव्हती, त्या काळात पासष्टी ओलांडलेली बाई परक्याच्या पोराला उचलून नेत होती. आमच्या वाड्यात या गोष्टीचा उल्लेख मी कधी ऐकला नाही. त्याचं कारण प्लेगात नाही, जातीत आहे.

आजीची स्वतःची साथ १९१८ची, इन्फ्लुएन्झाची. मानमोडी. पणजीच्या गोष्टी सांगताना आजी रंगून जायची, मानमोडीचं नाव काढलं की निवडणं टिपणं पुढं ओढायची.

ती साथ जूनमध्ये मुंबईच्या बंदरात उतरली, पावसाळ्यात जरा निवळली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळ्या इलाख्यावर कोसळली. वर पावसानं दगा दिलेला, ज्वारी महाग, माणसं आधीच अर्धपोटी. मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या वर माणसं गेली. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली, असं एकच दशक आपल्या खानेसुमारीत आहे. आणि या तापाची तऱ्हा उलटी होती. म्हातारी माणसं तगायची, वीस ते चाळीसमधली पटापट जायची. त्यातही बायका जास्त, त्यातही गरोदर बायका.

आजी तेव्हा सोळा वर्षांची, पाचवा महिना लागलेला. ती वाचली, मूल राहिलं नाही. तिची थोरली बहीण गेली, बाळंतपणाच्या तोंडावरच. मेहुण्यानं तेरावा झाल्यावर आठवड्यातच त्यांच्या धाकट्या बहिणीला मागणी घातली आणि माघापर्यंत लग्न लागलं. हे त्या वर्षी घरोघर चाललं होतं. चूल पेटायला हवी, पोरं सांभाळायला हवीत, ही सांगायची कारणं खरीच होती. धाकटीला कुणी विचारलं नाही. बहिणीच्याच लुगड्यांची घडी मोडून ती नेसली आणि बहीण जिथं झोपायची तिथं झोपली. म्हातारपणी तिला रात्री कोंडल्यासारखं व्हायचं, ती उठून अंगणात जाऊन बसायची. बाहेरची बाधा म्हणून तिला नरसोबाच्या वाडीला नेलं, दत्ताच्या पालखीला उभं केलं. पुरुष विधुर झाले की महिन्या-दोन महिन्यांत बोहल्यावर. आमच्या जातीतल्या विधवा आलवणात. एकाच तापानं मागं ठेवलेली ही दोन तऱ्हेची माणसं.

आजीनं मला एक गोष्ट फार उशिरा सांगितली. माझं लग्न ठरलं होतं. दुपारची आम्ही दोघी वाती वळत बसलो होतो, आणि ती मान वर न करता म्हणाली, "त्या वर्षानंतर मला तुझ्या आजोबांची भीती वाटायला लागली."

मी म्हटलं, "मारायचे?"

"छे गं. गरीब माणूस. पण दिवे मालवायची वेळ झाली की पोटात गोळा यायचा. दिवस राहिले की मरायचं, हे डोक्यात बसलं होतं ना. मग मी देवाचं काढायचे. आज चतुर्थी, आज प्रदोष, आज एकादशी. पंचांग मला तोंडपाठ. ते बिचारे कूस बदलायचे."

"मग?"

"मग काय? पुढं पाच झाली की. किती दिवस पंचांग पुरणार?"

ती हसली, मीही हसले. पण तिनं सांगितलं ते किती नेमकं होतं, हे मला कळायला बरीच वर्षं गेली. साथ ओसरली तरी तिची भीती शरीरात राहते, आणि ती नेमकी अशा जागी जाऊन बसते जिथं कुणी विचारपूस करायला जात नाही. १९१९मध्ये जन्म घटल्याचं सरकारी आकड्यांत दिसतं. अभ्यासक त्याची कारणं देतात: गरोदर बायका गेल्या, गर्भ गळाले, जोडप्यातलं एक उरलं, उरलेली अशक्त. त्या घटीत माझ्या आजीच्या किती चतुर्थ्या होत्या?

गंमत म्हणजे या प्रश्नावर जाहीरपणे बोलणारा माणूस तेव्हा मुंबईत होता. रघुनाथ धोंडो कर्वे. गणिताचे प्राध्यापक. त्यांचे वडील प्लेगच्या त्याच वर्षांत विधवांचा आश्रम चालवत होते आणि १९००मध्ये तो त्यांनी हिंगण्याच्या माळावर नेला. मुलगा त्याच्या पुढं गेला. १९२१मध्ये, मानमोडी सरून तीन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३मध्ये मरेपर्यंत, तोट्यात, खटले अंगावर घेत चालवलं. संभोगाचा संबंध मूल होण्याशी असलाच पाहिजे असं नाही, बाईलाही सुखाचा हक्क आहे, हे ते मराठीत, कुठलाही आडपडदा न ठेवता लिहायचे. वाचक घाबरत घाबरत पत्रं पाठवायचे आणि हा माणूस गणित सोडवावं तसं रोखठोक उत्तर द्यायचा. अशाच उत्तरांबद्दल १९३४मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड झाला.

आमच्या घरात 'समाजस्वास्थ्य' येणं शक्य नव्हतं. आजोबांना ठाऊक असेल, कारण कर्व्यांचं नाव निघालं की ते चष्मा पुसायला घ्यायचे. आजीच्या हाती ते मासिक पडतं तर तिची पाच बाळंतपणं तिला हवी तेवढीच झाली असती, इतकंच.

नंतरचं मला स्वतःलाच दिसलेलं आहे. एड्सच्या वर्षांत सरकारी भिंतींवर शरीरसंबंधांबद्दल पहिल्यांदा मोठ्या अक्षरात लिहिलं गेलं, पण ते फक्त धोक्याचं. मरणाची भीती घालूनच त्या विषयावर बोलायचं, अशी रीत तेव्हा पडली ती अजून आहे.

मग २०२० आलं. मार्चच्या १३ तारखेला महाराष्ट्रानं पुण्या-मुंबईसह काही शहरांत साथरोग कायदा लावला. कायदा कुठला? १८९७चा. ४ फेब्रुवारीचा. रँडच्या हाती ज्यानं अधिकार दिले तोच. थोरली पणजी ज्या कायद्याखाली भिंतीकडे तोंड करून झोपली, त्याच कायद्याखाली मी माझ्या सदनिकेत दार लावून बसले, आणि एका समुपदेशन गटासाठी फोन घ्यायला लागले.

फोन करणारे सुरुवात श्वासापासून करायचे. छाती भरून येते, झोप लागत नाही, बातम्या बघवत नाहीत, आई गावाकडे एकटी आहे. ते सगळं खरंच होतं. पण आजीकडून एक शिकले होते: माणूस खरं बोलतो ते वाती वळताना, मान खाली घालून. फोनवर ती सोय आपोआप होती. "बरं, ठेवू का?" म्हणून झाल्यावर, "आणखी एक विचारायचं होतं," असं यायचं. वन-रूम-किचनमध्ये सासू-सासरे, दोन मुलं. नवरा दिवसभर घरात. आणि भिंतीला भिंत लागलेल्या चाळीत चार महिने बोट लागलेलं नाही, म्हणून भांडणं. दुसरीकडे नवऱ्याला घरात बसून दुसरा उद्योग नाही, आणि गोळ्या संपल्या आहेत. निरोध आणि माला-एन ज्यांच्या पिशवीतून मिळायच्या त्या आशाताई तापमान मोजत दारोदार हिंडत होत्या. सरकारी दवाखान्यांतल्या नसबंदी शस्त्रक्रिया थांबल्या होत्या. दिवस राहिले तर दवाखान्यात जायचं कसं, या धास्तीनं झोप उडालेल्या बायका मी ऐकल्या. आजीचं पंचांग त्यांच्याकडे नव्हतं. मारहाणीच्या तक्रारी राष्ट्रीय महिला आयोगाकडे टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यांत वाढल्या होत्या. माझ्याकडे त्या 'त्यांचा स्वभावच तापट' अशा वेषात यायच्या.

न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्यानं त्याच मार्चमध्ये, कोरोनाच्या काळात जवळीक कशी करावी, काय टाळावं, यावर साध्या भाषेत एक पत्रक काढलं होतं. एका सहकाऱ्यानं ते आमच्या गटात टाकलं. निम्मे हसले, उरलेल्यांनी काढून टाकायला सांगितलं. आमच्यातले बरेचजण समुपदेशक होते, हे ध्यानात घ्या.

दुसऱ्या लाटेनंतर, २०२१च्या पावसाळ्यात, फोन बदलले. आजारातून उठलेले पुरुष. "सगळं ठीक आहे, पण ते नाही." हा विषाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतो, आणि त्या बारीक वाहिन्या जिथं लागतात तिथं परिणाम दिसणारच, त्यात साखर वाढलेली, दम लागतो, इस्पितळातल्या शेजारच्या खाटेवरचं मरण डोळ्यांसमोर. यात शरीर किती आणि धास्ती किती, हे वेगळं काढता येत नाही, काढायची गरजही नसते; दोन्हीवर उपाय आहेत. पण त्यांना वाटायचं आपला पुरुषपणा गेला. आणि एकदा एक बाई आली होती, फोनवरच, नवऱ्याला जाऊन चाळीस दिवस झाले होते. तिला रात्री शरीराची ओढ व्हायची आणि ती स्वतःला पापी समजून उपास करत होती. मी तिला पणजीची झोपडी सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तुमच्या पणजीचा नवरा जिवंत होता हो." बरोबर होतं. मग आम्ही पहिल्यापासून बोललो, पणजी बाजूला ठेवून.

आमच्या मामींची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. मामा पंच्याहत्तरीचे, मामी सत्तरीच्या. मामा पंधरा दिवस ऑक्सिजनवर काढून घरी आले. महिन्याभरानं तपासणीला सुनेला बरोबर घेऊन दोघं गेले. डॉक्टर तरुण. वास येतो का, जिने चढता येतात का, झोप लागते का, सगळं विचारून झालं. मामांनी सगळ्याला मान डोलावली. मामी म्हणाल्या, "आणि दुसरं विचारायचं राहिलं तुमचं." डॉक्टरांना कळेना. सुनेला कळलं, ती मोबाइल कानाला लावून बाहेर पडली. मामी म्हणाल्या, "हे आता माझ्या खाटेवर येत नाहीत. मला लागण होईल म्हणतात. मला होऊन गेलीय, आणि यांचीही आता चाचणी चांगली आलीय. तुम्ही सांगा यांना, तुमचं ऐकतील."

डॉक्टर आधी लाल झाले. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि मामांना नीट समजावून सांगितलं: आता त्यांच्यापासून संसर्गाचा धोका नाही, दम लागला तर थांबायचं, साखर ताब्यात ठेवायची, आणि रात्री दचकून जाग येते त्यासाठी एका बाईंचा नंबर. मामांनी कागद घडी करून खिशात घातला. बाहेर आल्यावर ते मामींवर चिडले, "सुनेसमोर?" मामी म्हणाल्या, "ती बाहेर गेली होती. आणि गेली नसती तरी विचारलं असतं."